दगडाचं पोट

शोमरोनच्या डोंगरावर राजाचं नवं दालन चढत होतं,
तेव्हा मी नऊ वर्षांची.
खाणीत पाण्याची पखाल नेणं माझं काम,
आणि बाबांच्या डोळ्यात उडालेला कण
जिभेच्या टोकाने काढणं.

हगाब म्हणजे टोळ. बाबांचं नाव.
दिसतही तसेच, गुडघे कानांपर्यंत दुमडून
चिऱ्यावर बसले की.

चिऱ्याच्या चारी कडा ते
चार बोटं रुंद तासून घेत,
इतक्या सपाट की नख फिरवलं तरी अडू नये.
मधलं पोट मात्र तसंच सोडत,
फुगीर, खडबडीत, खाणीतून निघालं तसं.
"हे अर्धवट का ठेवलं?"
"अर्धवट नाही, होग्ला.
शेजाऱ्याला जिथे टेकायचं तेवढंच माझं काम.
बाकीचा दगड ज्याने केला
त्याला न विचारता हात कसा लावू?"

सोरहून आलेला उस्ताद बोदो यावर हसायचा.
त्याच्या गावी दगडातून देव काढत,
नाकीडोळी नीटस, ओठांना लाल रंग.
"घाव सोसले की दगडाचा देव होतो," तो म्हणे.
बाबा फुंकर मारून भुकटी उडवत.
"घाव सोसले की भिंत होते. पुष्कळ झालं."

मग खांबांचे माथे आले.
खजुराच्या दोन झावळ्या दोन बाजूंना वळलेल्या,
मध्ये त्रिकोणी खोलगट जागा.
कारभारी शबन्या म्हणाला, इथे राजाची खूण कोर.
बाबांनी तीन दिवस लावले.
चौथ्या दिवशी पाहिलं तर
त्रिकोण नुसता घासलेला,
रिकामा,
सकाळच्या उन्हात पाणी साठल्यासारखा.
"खजूर कुठून वाढतो, साहेब?"
"शेंड्यातून."
"तिथेच काही ठोकलं तर?"
शबन्या बोलला नाही. खापराचा तुकडा मागवला,
शाईने लिहिलं: हगाब, तेल बंद, एक महिना.
महिनाभर आम्ही भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली.
आई त्रिकोणाचं नाव काढून भांडायची.

दालन उभं राहिलं. आत गंधसरूचे खांब,
रानच आणून उभं केल्यासारखे,
पलंगांना हस्तिदंताची कमळं.
आम्हाला आत कोण सोडतंय?
बाबांनी बाहेरूनच भिंतीला ओळंबा लावला,
दोरी स्थिर होईपर्यंत श्वास धरला,
आणि घरी येऊन झोपले.
पुढच्या पेरणीपर्यंत गेले. छातीत सगळी भुकटीच होती.

जाण्याआधी एकदा म्हणाले,
पायातल्या एका चिऱ्यावर, आतल्या अंगाला,
तुझ्या नावाचं पहिलं अक्षर ओढलंय,
शिडीसारखं.
"दिसेल का?"
"भिंत पडली तरच."

अश्शूरी आले तेव्हा माझे केस पिकायला लागले होते.
गंधसरू तीन दिवस जळला,
सगळ्या डोंगराला लग्नघरासारखा वास.
हस्तिदंत जळताना मात्र केस जळाल्यासारखं येतं.
माझा नवरा दोरीला बांधून नेला. मी खाणीत लपले,
त्याच खाणीत, जिथे कापून नेलेल्या चिऱ्यांच्या
चौकोनी जागा अजून रिकाम्या आहेत.

आता इथे कूथहून आणून वसवलेली माणसं राहतात.
एक बाई धुणं वाळवायला वर येते.
खांबाचा एक माथा गवतात उताणा पडलाय,
त्यावर ती घोंगडी अंथरते,
दोन झावळ्यांच्या मध्ये पोराचं डोकं ठेवते,
आणि दोरी बांधायला जाते.
मला तिची भाषा येत नाही.
पोरावर ऊन आलं की मी सरकून
सावलीला बसते.

वरचे थर लोकांनी उपसून नेले.
कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या चुलीखाली.
पायातले चिरे आहेत,
काजळलेले, पोटं पुढे काढून.
त्यांच्यावरून तळवा फिरवते तेव्हा
कडेला बाबांचा हात लागतो,
आणि मध्ये कुणाचा, ते मी विचारत नाही.

दर पावसाळ्यानंतर शिडी शोधते.
अजून दिसली नाही.